पाखरांना बसायला जागा

पिंजऱ्याचं दार उघडून झालं, चारही पिल्लं चालत गवतात शिरली, आणि मग धुकं विरलं. तेव्हा तिला ते खांब दिसले. काल संध्याकाळपर्यंत उघडाबोडका असलेल्या माळावर खांब!

अंड्यातून निघाल्यापासून तिनंच ही पिल्लं वाढवली होती. माणसाची सवय लागू नये म्हणून डोक्यावरून बुरखा घ्यायचा, शब्द न काढता भरवायचं. तोंड बांधल्याची भरपाई मग घरी जेवताना वडिलांपाशी बोलून व्हायची. या माळावर त्यांच्या जातीचं एकही पाखरू उरलं नव्हतं. ही जगली तरच पुढं काही.

"कसे झालेत?" इस्त्रीचा शर्ट घालून वडील मागून आले. आयुष्य सुतारकामात गेलेला माणूस. "तुला सांगितलंच नाही मुद्दाम. राखणदार म्हणाला, ताईंचे वडील ना, जा की आत! रात्रीपर्यंत खपत होतो. लेकीची पाखरं यायची आणि बसायला साधी फांदी नाही? वरून रंधाही मारलाय, पायात काही टोचायला नको."

"अहो बाबा, ही बसत नाहीत हो कशावर! मागचं बोटच नसतं त्यांना, धरणार कशानं?"

"चल, काहीतरीच! पाखरू आणि बसत नाही?" वडिलांनी हसत बोट दाखवलं. "ते बघ, एक बसलंसुद्धा!"

तिनं पाहिलं. खांबावर गरुड होता. दबा धरायला त्याला उंच जागा मिळू नये, म्हणून तर असला बोडका माळ शोधला होता.

ती ओरडत धावली. पिल्लांनी तिचा आवाज आजवर ऐकलाच नव्हता. घाबरून तीन उडाली. चौथं होतं तिथंच गवतात दबलं, आणि गरुड सरळ त्याच्यावर उतरला. ती पोचेपर्यंत पिसंच उरली होती.

"कोणतं गं?" वडिलांनी मागून येत विचारलं.

"ढमी."

ढमी कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज जेवताना तेच विचारायचे, आज ढमीनं काय प्रताप केले म्हणून.

गरुड तिला पंजात घेऊन लांब दुसऱ्या टोकाच्या खांबावर जाऊन बसला. वडील जवळच्या खांबाला जाऊन भिडले, मिठी मारून गदागदा हलवू लागले. तो तसूभरही हलेना. काल त्यांनी तो चांगला खोल पुरला होता, दगड ठोकून ठोकून.