हातभर काळी माती

मेव्हिस पोकॉकने झारी रिकामी केली तेव्हा सिरिल विडोसन पेन्सिलीला टोक काढत होता.

"इकडे ये," ती म्हणाली. "आणि पाय जपून टाक. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभा राहशील."

हॅलिंगफर्डमध्ये पंधरा दिवस पावसाचा थेंब नव्हता. जुन्या गुरांच्या बाजारात उत्खननासाठी घेतलेला तो खड्डा सुकून एकाच राखाडी रंगाचा झाला होता. मेव्हिसने भिजवलेल्या तुकड्यात मात्र रंग वर आले होते. काळ्या मातीतून एक पिवळसर पट्टा सरळ जाऊन काटकोनात वळत होता. त्याच्या कडेने सारख्या अंतरावर गोल काळे डाग होते. मधोमध परातीएवढी भाजलेली लाल माती होती. तिचा अर्धा भाग बांधाखाली, म्हणजे दोन खड्ड्यांमध्ये मुद्दाम राखलेल्या मातीच्या भिंतीखाली गेला होता.

"घर आहे," मेव्हिस म्हणाली. "ही भिंत. हे कुजलेले खांब. ही चूल. चाळीस वर्षं भाजीचे वाफे खणतेय मी. माणसांनी तुडवलेली माती मला डोळे मिटून कळते."

सिरिललाही ते कळलं होतं, आणि म्हणूनच तो घाबरला होता. रोमन लोक गेल्यावर या गावात सहाशे वर्षं कुणी राहिलंच नाही, असं उत्खननाचे प्रमुख डॉक्टर लॉरिमर यांचं मत होतं. त्यांच्या पुस्तकात ते छापलेलं होतं. रोमन फरशीवरची ही हातभर काळी माती म्हणजे मागाहून कुणी पसरलेली बागेची माती, असं सांगून ते दर उन्हाळ्यात ती फावड्यांनी काढून टाकायला लावत. यंदा तेवढीही उसंत नव्हती. शनिवारी महापौर रंगीत खड्यांची फरशी बघायला येणार होते, म्हणून आज दोन वाजता खोदायचं यंत्र येणार होतं.

"मोजून घे," मेव्हिस म्हणाली. "वीस मिनिटांत सुकेल हे."

"आधी डॉक्टरांना दाखवू. माझं चुकत असेल तर..."

"तर एक कागद वाया जाईल. मी देते तुला कागद."

पण सिरिल निघालाही होता. सव्वीस वर्षं त्याने गॅस कंपनीत दुसऱ्यांनी आखलेल्या नळांचे नकाशे काढले होते. कुणी सांगितल्याशिवाय रेघ ओढायची सवयच त्याच्या हाताला नव्हती.

लॉरिमर टेलिफोनवर होते. ते आले तोवर माती सुकली होती, आणि मेव्हिसला दुसरी झारी आणावी लागली.

लॉरिमर पाणी मुरेपर्यंत उभे राहिले. त्यांची नजर पट्ट्यावरून गेली, कोपऱ्यावर वळली. मग एकेका डागावर थांबताना त्यांचे ओठ किंचित हलले. त्यांचा बूट चुलीच्या काठावर होता. तो उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

"चिखल दिसतोय," ते म्हणाले.

"चिखल काटकोनात वळत नाही, डॉक्टर," मेव्हिस म्हणाली.

"बाई, तुमच्या वाफ्यातले कांदे मी खाल्लेत, फार छान होते. तुम्ही कांदे बघा, रोमन मी बघतो."

"तुमच्या रोमनांनंतर इथे सहाशे वर्षं कांदे कोण खात होतं, ते सांगा आधी." ती वळली. "सिरिल, तू बोल. नकाशे तू काढतोस."

सिरिलच्या घशात वाक्य पूर्ण तयार होतं. बाहेर आलं ते निराळंच. "असू शकेल... म्हणजे, खात्रीने नाही सांगता येणार."

"झालं तर," लॉरिमर म्हणाले, आणि महापौरांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या ते बघायला गेले.

दोन वाजता क्लेम यंत्र घेऊन आला. पाऊण तासात ते घर खांबांसकट कचऱ्याच्या ढिगावर गेलं. मेव्हिस ढिगाशी हात बांधून उभी होती. सिरिल जवळ गेला तेव्हा ती त्याच्याकडे न बघता बोलली.

"तुला कुत्रा म्हणणार होते मी. पण कुत्रा निदान भुंकतो."



लॉरिमरांनी नकाशाचा कागद त्याच्यापुढे धरला. "काळ्या थरावर लिहून टाक. बागेची माती, यंत्राने काढली. आणि खाली सही कर."

सिरिलने कागद घेतला. त्याचे कान तापले होते. समोरच्या माणसाला सगळं दिसलं होतं. कोपरा दिसला, खांब दिसले, चूल दिसली, आणि तरी तो चिखल म्हणाला. आणि आपल्याला तो खोटं बोलतोय हे दिसत असून आपण त्याच्या खोट्याला टेकू दिला. या दुसऱ्या गोष्टीचा संताप जास्त होता.

"क्लेम, आता तो बांधही काढ," लॉरिमर ओरडून म्हणाले. "फोटोत मध्ये येतो."

सिरिल चालत गेला आणि बांधावर चढून बसला. बांधाच्या कापलेल्या अंगात चुलीचा लाल अर्धा तुकडा उघडा पडला होता. त्याने खिशातून मोजायची टेप काढली.

"विडोसन, खाली उतर."

"किती होते?" सिरिलने विचारलं.

"काय किती?"

"खांब. तुम्ही मोजलेत. तुमचे ओठ हलताना मी पाहिले. किती होते?"

"उन्हात डोकं फिरलंय तुझं."

"मी सात मोजले. तुम्ही किती मोजलेत?" त्याचा आवाज आता सगळ्या खड्ड्याला ऐकू जात होता. माती खरवडणाऱ्या थाप्या थांबल्या. खोदायला आलेले विद्यार्थी, गावकरी, सगळे माना वर करून बघू लागले.

लॉरिमरांचा चेहरा पांढरा पडला. "उद्यापासून इथे यायचं नाही."

"नाही येणार. हे लिहून झाल्यावर."

"क्लेम, चालव यंत्र."

क्लेमने यंत्र बंद केलं. "माझी चहाची वेळ झाली, साहेब. वीस मिनिटं. युनियनचा नियम आहे." आणि खाली उतरून तो खरोखरच डबा उघडून बसला.

मेव्हिस बांधाशी आली. सिरिलने टेपचं टोक पुढे केलं. ते तिने घेतलं, पण चेहरा तसाच ठेवला.

"माफ केलेलं नाही तुला मी," ती म्हणाली. "सात खांब गेले तुझ्यापायी."

"माहीत आहे. ताणून धर."

तिने ताणून धरलं. सिरिलने चुलीची रुंदी वाचली, एक फूट पाच इंच, आणि नकाशावर 'बागेची माती' लिहायला सोडलेल्या जागेत लिहिली.