पगडीखालच्या गोळ्या

मी पगडीचा डबा बोलतोय. गोल, सागवानी, पितळी कडीचा. बडोद्याच्या दसऱ्याच्या स्वारीत मी हत्तीवर बसलो होतो आणि हत्तीनं मला सोंड उचलून मुजरा केला होता. बरं, हत्ती नव्हता, बैलगाडी होती. पण पुढचं सगळं खरं आहे. खोटं असतं तर बरं झालं असतं.

आता मी बडोद्यातच, गोत्री भागातल्या एका फ्लॅटमध्ये असतो. दत्ताजीरावांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यांची पगडी माझ्यात. आणि सत्त्याण्णव साली पगडीखाली आल्या दत्ताजीरावांच्या मुलाच्या, प्रतापसिंहाच्या, मनाच्या आजारावरच्या गोळ्या.

"बाहेर ठेवल्या तर सोसायटीभर होईल. पगडीला कोण हात लावतंय?" हे दत्ताजीरावांचं डोकं.

प्रतापसिंह रोज सकाळी चोरासारखी माझी कडी काढायचा. पण त्या गोळ्यांवर तो उभा राहिला. कानातले आवाज थांबले. सहा महिने कारखान्यात एक खाडा नाही.

मग त्याच्या बहिणीचं, मितालीचं, लग्न जमू लागलं. नवऱ्या मुलाची आत्या, कमळाबाई, दसऱ्याआधी पाच दिवस ग्वाल्हेरहून राहायला आल्या. घराणं दिसावं म्हणून मला दिवाणखान्यात मांडलं. आत्याबाईंचा पलंगही तिथंच, आणि गुडघ्यांमुळे त्या खोलीतून हलेनात.

"आबा, गोळ्या आतच राहिल्या. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा," प्रतापसिंह वडिलांच्या कानाशी कुजबुजला.

"दसऱ्याला पूजेसाठी उघडूच की. तोवर दम धर. फौजेतलं रक्त आहे आपलं, एवढ्याशा गोळीवाचून अडतंय का?"

अडलं. दुसऱ्या दिवशी झोप गेली. तिसऱ्या दिवशी गरबा थांबला तरी प्रतापसिंहाच्या कानात माइक चालूच. चौथ्या दिवशी तो माझ्यासमोर घामाघूम उभा.

"काय रे, पगडी घालून बघायचीय?" आत्याबाईंनी थट्टा केली.

तो हसला. तसं हसू कुणाच्या तोंडावर न येवो.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर तलवार, झेंडू आणि मी. पगडी उचलून झाकण झटकन लावायचं, असा दत्ताजीरावांचा बेत. प्रतापसिंहानं त्यांचा हात बाजूला केला. स्वतः पगडी काढली, गोळ्यांची पट्टी वर धरली.

"आत्याबाई, मला मनाचा आजार आहे. पाच दिवस तुमच्यासाठी धडधाकट झालो होतो. आता नाही जमत. मिताली, पाणी दे गं."

दत्ताजीराव झेंडूकडे बघत राहिले. मिताली उठली. तिनं धावत आणलेला पेला अर्धा फुलांवर सांडला. उरलेल्या अर्ध्यात गोळी उतरली.

आत्याबाई संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. ग्वाल्हेरहून होकार नाही, नकारही नाही. मिताली टपालवाल्याची वाट बघते. प्रतापसिंह अजून सावरलेला नाही, खाडे पडताहेत. काही दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडतो.

पण गोळ्या आता जेवणाच्या टेबलावर, मिठाशेजारी असतात. शेजारच्या निरुपमाबेन विचारतात, "आ शेनी गोळी छे?" कशाची गोळी ते तो सांगतो. परवा तो उठलाच नाही, तेव्हा दत्ताजीराव स्वतः पेला घेऊन त्याच्या उशाशी बसले.

माझ्यात आता नुसती पगडी. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला उघडा एवढंच म्हणतो. पगडीला शंभर वर्षं घाई नव्हती. गोळीची वेळ सकाळी आठची आहे.