पेंडीच्या खोलीतले इको यंत्र

मित्रांनो, मी एक जुने इको यंत्र आहे. छातीवर माझा प्रोब टेकवला, की आतले धडधडते हृदय माझ्या पडद्यावर दिसते. मला घडवणारी माणसे हातमोजे घालून मला हात लावत. म्हणूनच पुढे जे पाहिले, त्याची मला आजही शिसारी येते.

केज तालुक्यातल्या एका सहकारी दवाखान्यात मला आणले. अध्यक्ष सुंदररावांनी माझ्यापुढे नारळ फोडला. त्याचे पाणी माझ्या बटणांत शिरले. फोटो निघाले, भाषणे झाली. पेढ्यांनी चिकट झालेले हात माझ्या अंगावरून फिरवून मंडळी गेली आणि खोलीला कुलूप लागले. कुणी बडा पाहुणा आला, तरच ते निघे.

पुढे मोठा दुष्काळ पडला. दवाखान्यामागच्या माळावर संस्थेने जनावरांची छावणी उघडली. एका दुपारी माझी खोली उघडली, तेव्हा मला फार आनंद झाला. पण आत आली ती सरकी पेंडीची पोती! छावणीतल्या गुरांच्या तोंडची पेंड सुंदरराव माझ्या खोलीत दडवत होते. काही दिवसांत पेंड कुबटली. उंदीर माझ्या वायरींवर लेंड्या टाकू लागले. खिडकीच्या फटीतून मला गाईंच्या वर आलेल्या बरगड्या दिसत. ओकता आले असते, तर मी ओकलो असतो.

त्याच छावणीत नांदूरघाटची बायनाबाई नवऱ्यासह गुरे घेऊन राहत होती. उभी राहिली की तिला अंधारी येई, दम लागे. आडवी झाली की जरा बरे वाटे. छावणीचे लोक म्हणत, "सोंग करतीया."

दवाखान्यात नुकतेच आलेले डॉक्टर सिद्धलिंग मात्र हसले नाहीत. त्यांनी तिला बसवून आणि निजवून तिची छाती तपासली. दोन्ही वेळी हृदयाचा आवाज वेगळा आला. ते तडक अध्यक्षांकडे गेले. सुंदरराव तेव्हा माझ्याच दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते.

"साहेब, किल्ली द्या. इको करायचाय."

"लई महागाचं मशीन हाय ते. एका बाईच्या चकरीपायी उघडायचं कावून? सलाईन लावा."

डॉक्टरांमागून आलेला बायनाबाईचा नवरा धुळाजी हात जोडून म्हणाला, "सलाईन झालं, साहेब. तिचे ओठ निळे पडलेत."

"संस्थेची सभासद हाय का ती?" सुंदररावांनी विचारले आणि कोपऱ्यात पानाची पिंक टाकली.

डॉक्टर धुळाजीकडे वळले. "पहार आणा. कुलूप तोडा. जबाबदारी माझी."

सुंदरराव ओरडत राहिले, पण कुलूप तुटले. दार उघडताच पेंडीचा भपकारा आला. डॉक्टरांनी नाकाला रुमाल बांधला, पोती सारली, मला पुसले, बटण दाबले. उंदरांनी वायर कुरतडली असेल, अशी मला भीती होती. पण पडदा उजळला. डॉक्टरांनी बायनाबाईला समोर निजवून तिच्या छातीवर प्रोब टेकवला.

बायनाबाईच्या हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक गाठ लोंबकळत होती. प्रत्येक ठोक्याला ती खालच्या झडपेत उतरे आणि रक्ताची वाट अडवे.

"मिक्सोमा," डॉक्टर हळूच म्हणाले. "हृदयाची गाठ. लाखात एखाद्याला होते. धुळाजी, आजच शहरात न्यायचं. ऑपरेशन केलं तर ती बरी होईल."

धुळाजीने पडद्याजवळ येऊन ती गाठ पाहिली. "आन् आमी सोंग म्हणलो हिला," तो पुटपुटला.

गाठ निघाली. इकडे सुंदररावांनी माझ्या खोलीला नवे कुलूप ठोकले. दोन महिन्यांनी बायनाबाई स्वतःच्या पायांनी चालत आली. सुंदररावांनी लगेच मांडव घातला, मला हार घातला, तिला शाल पांघरली. म्हणाले, "आमच्या संस्थेनं बाई वाचवली!" त्या खोटेपणाची मला पेंडीच्या वासापेक्षाही जास्त किळस आली.

बायनाबाईने शाल काढून खुर्चीवर ठेवली. "मला डॉक्टरांनी वाचवलं. तुमी पेंड वाचवत व्हता."

छावणीची माणसे उठून उभी राहिली. त्याच दिवशी त्यांनी पोती बाहेर काढून त्यांतली चांगली पेंड गुरांपुढे ओतली आणि सुंदररावांकडून किल्ली घेऊन डॉक्टरांच्या हाती दिली. त्यानंतर रोज माझ्यापुढे रुग्णांची रांग लागली.

आता माझा पडदा अंधूक झाला आहे. त्याचे दुःख नाही, कारण तो वापरून झिजला. मित्रांनो, यंत्राला हार नको, फडके आणि माणूस हवा. तुमच्या दवाखान्यात एखादी खोली कायम बंद दिसली, तर मोठ्यांना विचारा, "आत काय आहे?" आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.