मडगार्डवरचा फुगा

सासऱ्यांचा हात जुन्या गाड्यांच्या पत्र्यावर बसलेला. गंजून चाळण झालेलं दार त्यांच्याकडे जायचं आणि नवंकोरं होऊन बाहेर यायचं. पण कुणी "कसं केलंत?" विचारलं, की ते विषय बदलायचे. मग मनगट गेलं, हातोडी उचलेना, आणि नाइलाजानं त्यांनी सुनेला हाताशी घेतलं. ती मूळची शिवणकाम करणारी. पत्रा म्हणजे हट्टी कापड, असं म्हणत शिकत गेली.

हात बसल्यावर तिनं रविवारी गॅरेज सगळ्यांना उघडं केलं. आपली जुनी गाडी आपणच दुरुस्त करू पाहणारे यायचे: एक दंतवैद्य, एक बेकरीवाला, दोघी बहिणी. सासरे खुर्ची टाकून बसायचे.

"दे वाटून सगळं," ते कुरकुरायचे. "उद्या तुझ्याकडे कोण येणार?"

"आज आलेत ना, बाबा."

एकदा बहिणींनी वडिलांच्या गाडीचं चेपलेलं मडगार्ड आणलं. आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हातोडी कशी चालवायची, ते सून दाखवत होती. बोलण्याच्या भरात ठोके जास्त पडले. पत्रा ताणला गेला आणि मधोमध फुगा आला. दाबला की टणकन आत, सोडला की बाहेर. तिनं आणखी ठोकलं, तसा तो वाढला.

"हे माझ्या हातून बिघडलं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "पुढचं मला येत नाही."

येणार कुठून? ते सासऱ्यांनी सख्ख्या मुलालाही सांगितलं नव्हतं. ते उठून आले.

"ठोकू नकोस. ताणलेला पत्रा ठोकून आखडत नाही. गॅसची ज्योत घे. फुग्याच्या शेंड्यावर नाण्याएवढा ठिपका लाल कर. आता हलक्या टिचक्या. हं, लगेच ओलं फडकं."

फडकं चर्रकन वाजलं, वाफ उठली. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं. पत्रा जागचा हलला नाही.

"लाल म्हणजे किती लाल?" दंतवैद्यानं विचारलं.

सासरे घुटमळले. मग म्हणाले, "डाळिंबाच्या दाण्यासारखं. पांढुरकं झालं की पत्रा जळालाच समजा. या, जवळून बघा."

त्या दिवशी त्यांनी चहा थंड होऊ दिला, पण कुणाचा प्रश्न परत पाठवला नाही.

पुढे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात बहिणींची गाडी उभी होती. एका गृहस्थानं मडगार्डवरून हात फिरवला. "कुठल्या वर्कशॉपचं काम?"

"आमचंच," थोरली म्हणाली.

"शिकवलं कुणी?"

तिनं बोट दाखवण्याआधीच सासरे सुनेला पुढे घेऊन आले. "ही आमची सून," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा चढलाच. "पत्र्यातलं काहीही विचारा हिला. चुकलं तर चुकलं म्हणते, म्हणून सांगतो."