स्वर्गाच्या तोंडावरची धोंड

मी धोंड बोलतेय. आता पुढचा एक तरी शब्द खरा मानून दाखव. नाही मानता यायचा तुला. धोंड कुठे बोलते का, असं म्हणशील आणि माझ्यावरच टेकशील. टेक की. ये. तुझ्याआधी एक जाडे गृहस्थ असेच टेकले होते, बुटाची नाडी बांधायला. बूड आत, पाय वर. चहा येऊन गार झाला तरी निघेनात.

कारण मी दगडाची नाहीच. बांबूच्या कामट्या, खुराड्याला लावतात ती जाळी, आणि वरून कागदाचा लगदा. आत सगळं पोकळ. दिसायला दहा माणसांना न हलणारी, आणि उचलायला एक बाई पुरे. जन्मापासून माझं कामच लोकांना फसवायचं. त्यात माझा काय दोष?

शिक्षणाचं म्हणशील तर शाळा माझ्या पोटातच आहे. मला केलं ते मुलांच्या जुन्या वह्या भिजवून. पाढे येतात मला, पण अकरापर्यंतच. बाराचं पान विरघळलं. एक निबंधही आहे आत, आवडत्या प्राण्यावरचा. प्राणी कोणता, ते पान नेमकं दुसऱ्या खडकाच्या वाट्याला गेलं.

मला जिने केलं तिला सगळे लगदाबाई म्हणायचे. सिनेमाच्या सेटवरचे डोंगर, कडे, भुयारं ती करायची. कोपरापर्यंत हात सदा खळीत. खट अशी, की नवा हमाल आला की त्याला म्हणायची, "तो कडेचा धोंडा जरा पायाने सरकव रे." खोट्या धोंड्यांत एक खरा ठेवलेला असायचा. मग तो अंगठा धरून नाचायचा आणि ही शांतपणे ब्रश धुवायची. माझी जीभ कुणावर गेली, ते आलं ना लक्षात.

माझा जन्म एका सिनेमासाठी. त्यात पाच प्रवासी जंगलं तुडवत, होड्या बुडवत, एकमेकांवर खेकसत एक लपलेलं बेट शोधतात. त्या बेटाच्या पोटात म्हणे स्वर्ग. बारा महिने फुलं, निळं पाणी, हात वर केला की फळ. आणि त्या स्वर्गाच्या तोंडावर मी. पुढारी प्रवासी मला ढकलतो, आणि मग आतलं सगळं दिसतं.

खरं म्हणजे स्वर्ग एका शेडमध्ये होता. आधी तिथे टायरांचं गोदाम होतं, म्हणून स्वर्गाला रबराचा वास यायचा. माडांची खोडं गोणपाटाची, फळं मेणाची, आणि पाणी निळं, कारण रंगाऱ्याने टाकीत निळा रंग ढवळला होता. सिनेमाच्या मालकांना शेड लवकर रिकामी करून द्यायची होती, म्हणून शूटिंग शेवटापासून सुरू झालं. स्वर्ग आधी सापडला, मंडळी शोधायला नंतर निघाली. माणसं पुष्कळदा असंच करतात, मी काही बोलत नाही.

पुढारी प्रवासी म्हणजे दादा. मोठे नट. लोक त्यांच्या खांद्यांसाठी तिकिटं काढायचे. पण मधलं वर्षभर ते आजारी होते, आणि आजारपण जाताना त्यांचा उजवा हात निम्मा घेऊन गेलं. दिसायला होता तसाच, पण मूठ वळेना. कुणाला ठाऊक नव्हतं. मला कळलं, कारण त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी माझ्यावर हात ठेवले. डावा तळवा घट्ट बसला. उजवा नुसता पडला, ओल्या फडक्यासारखा.

"सांभाळून घे गं बाई," ते म्हणाले. मला.

"घेईल की," लगदाबाई माझ्यामागून म्हणाली. ती तिथे खाली बसून शेवाळ चिकटवत होती. दादा दचकले.

"तुम्ही कधी आलात?"

"मी इथेच आहे. हाताला काय झालं?"

"काही नाही. झोपेत अवघडला."

"बराच झोपला होतात मग. वर्षभर."

दादा म्हणाले, "मालकांना कळू देऊ नका. माझ्या कपड्यांचा दुसरा जोड शिवलाय त्यांनी, जावयाच्या मापाचा. कपडेवाल्याने सांगितलं मला. आज ही धोंड हलली नाही, तर उद्या जावईबापू पुढारी आणि मी घरी. आणि एकदा घरी बसलो की मला परत कोण बोलावतंय."

"हलेल हो. तुम्ही शिंकलात तरी पळेल ही. तुम्ही फक्त तोंड वेडंवाकडं करा. ते जमतंच तुम्हाला."

दादा हसले, पण अर्धेच.

आता माझ्या पाठीचं ऐक. कॅमेऱ्याला दिसते ती बाजू लगदाबाईने रंगाचे हात देऊन, वर व्हार्निश मारून सजवली. पाठ रंगवू का म्हणून विचारलं, तर मालक म्हणाले, "पाठ कोण बघतंय?" म्हणून पाठ कोरी राहिली, नुसता कागद. आणि पाठीमागे काय होतं? स्वर्ग. धबधब्यासकट.

जेवणाच्या सुट्टीआधी कुणीतरी धबधबा चालतो का बघायला नळ सोडला, आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी जेवायला हाक मारली. सगळे जेवून, पान-सुपारीच्या गप्पा मारून येईपर्यंत पाणी माझ्या पाठीवर उडत राहिलं आणि मी पीत राहिले. कागद पाण्याला कधी नको म्हणत नाही. पुढून मी तशीच कोरडी, करारी. मागून मात्र भिजलेली गादी. आयुष्यात पहिल्यांदा मला वजन आलं. खरं सांगते, बरं वाटलं.

लाईट लागले. दादा खुणेवर उभे राहिले, मागे चार प्रवासी चिखल फासून तयार. मालक खुर्चीत, शेजारी जावईबापू, लग्नातल्या फोटोसारखे हसत. लगदाबाई सहज म्हणून माझ्या मागे आली, हात टेकला, आणि तो हात मनगटापर्यंत आत गेला.

ती काही ओरडली नाही. तिने नुसता नळ बंद केला आणि उभी राहिली. सांगावं, तर मालक म्हणणार, जरा जड झाली तर काय झालं, एवढा गडी आहे, ढकलू दे की. न सांगावं, तर दादा ढकलणार आणि मी हलणार नाही. दोन्हीकडून जावईबापूच.

माझ्या पाठीला एक भोक होतं, हमालांनी हात घालून उचलायला ठेवलेलं. लगदाबाईने ते ओढून मोठं केलं, कुणाच्या घरी जावं तशा चपला बाहेर काढून ठेवल्या, आणि माझ्यात शिरली. वय विचारू नकोस. नातवंडं होती तिला.

शॉट सुरू झाला. दादांनी श्वास घेतला, मानेच्या शिरा फुगवल्या, दात आवळले. हे त्यांचं पाठ होतं, अशा कितीतरी खोट्या धोंडी त्यांनी सरकवल्या होत्या. मी हलले नाही.

शिरा खाली बसल्या. मग खराखुरा जोर आला. तो निराळाच असतो, त्यात माणूस देखणा दिसत नाही. डावा हात लटपटला. उजवा शेवाळावरून घसरत खाली आला. मागच्या एका प्रवाशाने खाकरून घेतलं. मालक जावईबापूंच्या कानाशी वाकले.

आणि लगदाबाई आत नुसती बसून होती. ढकलत नव्हती. जन्मभर हवा ढकललीस, एकदा धोंड ढकलून बघ, असं तिच्या मनात असावं. तिचं हसू माझ्या कामट्यांना लागत होतं.

मग ती बोलली. हळूच, पण कागदातून आवाज छान जातो.

"हात सोड. हात सोड रे मेल्या, खांदा लाव. खांदेच विकलेस ना जन्मभर?"

दादांचे डोळे मला अगदी समोरून दिसले. धोंड बोलली होती त्यांच्याशी. तू मघापासून जे मानत नाहीस, ते त्यांनी एका क्षणात मानलं. हात सोडले आणि खांदा लावला. आतून लगदाबाईने पाठ लावली, पाय रोवले. मी आधी फस्स केलं, मग हलले, मग कलंडले. आणि एकदा कलंडल्यावर मला कोण थांबवतंय. उतारावरून गेले ती थेट निळ्या टाकीत. लगदाबाईसकट.

कॅमेरा माझ्यावर नव्हता. तो दादांच्या चेहऱ्यावर होता, कारण स्वर्ग पहिल्यांदा दिसतो तो याच क्षणी. टाकी कड्याच्या आड. दिसत होती ती फक्त दादांना. धप्प आवाज झाला, तो सगळ्यांना धोंडीचाच वाटला.

दादा बघत राहिले. पाण्यातून लगदाबाई वर आली. केस निळे, नाक निळं, कान निळे, पांढरे तेवढे दात. माझं एक ठिगळ डोक्यावर टोपीसारखं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

दादा हसले नाहीत. हसू गिळलं, ते डोळ्यांतून पाणी होऊन आलं. निम्मा गेलेला तो उजवा हात आपोआप छातीशी गेला. दिग्दर्शक कट म्हणायचं विसरले. शेडमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज.

मालक खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "दुसरा जोड परत पाठवा." जावईबापूंनाही पुढे काम मिळालं. सिनेमात पुलावरून पडतो ना, तो.

सिनेमा लागला तेव्हा त्या चेहऱ्यापाशी माणसं रडायची. पुढे फुलं, पक्षी, धबधबा जोडला होता, लोकांना वाटायचं तेच बघून दादा विरघळले. जो भेटेल तो विचारायचा, "तेव्हा काय आणलंत हो डोळ्यांसमोर?" दादा म्हणायचे, "स्वर्ग बघितला, आणखी काय." ते खोटं बोलायचे नाहीत.

लगदाबाई बरेच दिवस निळी होती. नात म्हणे आधी दारच उघडेना. हमाल मला फेकायला निघाले होते, पण तिने वाळवलं, ठिगळं लावली, आणि या गोदामात आणून ठेवलं. दादा पुढे कधीमधी यायचे.

"बसा की धोंडीवर," ती म्हणायची.

"नको. ती बोलते. मला मेल्या म्हणाली होती."

"वळण नाही हो तिला. केली कुणी होती?"

मग दोघं माझ्या दोन बाजूंना खाली बसून चहा प्यायची. माझ्यावर कधी नाही.

आता दोघंही नाहीत. मी नाटकांत डोंगर होते, दुकानांच्या काचेत बुटांखाली असते. एका बाजूने जरा खचलेय, पण बाकी ठीक.

एकच सांगते. परवा गोदामवाले म्हणत होते, हिला दोन्ही बाजूंनी रंगवू. पुढून काय हवं ते करा म्हणावं. पाठीला हात लावू नका. तिथे ते फिकट निळं आहे ना, ते तेवढंच खरं आहे माझ्या अंगावर. सांग त्यांना. धोंडीने सांगितलं म्हणू नकोस, वेड्यात काढतील.

आणि त्या भोकातून वाकून काय बघतोयस? पोकळ आहे म्हटलं ना. आत कोणी नाही. बाहेर या चपला कुणाच्या, तेही तुला कळायचं कारण नाही. जा आता.