धुतलेला हात

मार्गशीर्षातले ऊन माणदेशावर हळूहळू उतरते. पिंगट माळ, पांढुरकी वाट, बोडक्या टेकड्या. आणि साऱ्या रुक्षतेच्या मधोमध डाळिंबाच्या बागा, आरक्तपुष्पा, कळ्याकळ्यांनी डवरलेल्या. त्या कळ्यांवर ऊन थबकते, रेंगाळते, आणि मगच गावात शिरते. त्या दिवशी ते वैजयंताच्या अंगणात येऊन बसले होते.

अंगण सारवलेले, रांगोळीने रेखलेले. दारी केळीचे खांब, खांबांना झेंडू. पाटावर वैजयंता बसली होती. हरितवसना, पुष्पमंडिता, सातव्या महिन्याच्या भाराने आळसावलेली. घरातले पहिले डोहाळजेवण. सासूबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते, आणि आतून पुरणाचा वास येत होता.

सारे हिरवे होते. साडी हिरवी, चोळी हिरवी, ओटीतले खण हिरवे. हिरवा चुडा तेवढा भरायचा राहिला होता. त्यासाठी कासारणीची वाट बघणे चालले होते.

वैजयंताही वाट बघत होती. सगळ्यांहून अधिक आतुर, सगळ्यांहून अधिक भयभीत. कारण सगुणा कासारणीच्या टोपलीत बांगड्यांच्या खाली आणखी काही असे. जुन्या कागदात गुंडाळलेली एक बाटली. बाटलीत गोळ्या, आणि गोळ्या वाजू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा.

पोटातल्या जिवासाठी होत्या त्या गोळ्या. आईच्या रक्तातले दुखणे बाळाच्या रक्तात जाऊ नये म्हणून रोज एक, न चुकता. नवरा दूरच्या शहरात सोने गाळण्याच्या भट्टीवर. तोही तिथे हीच गोळी घेई. घरात कुणाला ठाऊक नव्हते. ठाऊक होते एका सगुणेला. तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीचा निकाल ऐकून वैजयंता बाकावर थिजून बसली होती, तेव्हा सगुणेने तिचा हात हातात घेतला होता. "मला बी हाय गं बाय. बघ, जित्ती हाय न्हवं मी? लेकरू बी तुझं चांगलं हुईल," म्हणाली होती. गावोगाव बांगड्या विकत फिरताना ती या दुखण्याच्या माणसांनी तालुक्याला काढलेल्या मंडळातर्फे गोळ्या पोचवी, आणि तेव्हापासून वैजयंतालाही गुपचूप आणून देई. हे असले काम करणाऱ्या बाईला गावाने डोक्यावर घ्यावे. पण गाव ते गावच.

सगुणा आली. उन्हाने रापलेली, हसतमुखी. टोपली टेकवली, मांडी घातली, वैजयंताचा हात ओढून मांडीवर घेतला. सुजरा झाला होता तो हात, जड झाला होता. सगुणेने तो चोळला, दाबला, बोटे एकमेकींवर मिटवली. हाडे मऊ करून घेण्याची तिची ती जुनी रीत. पहिली बांगडी बोटांवरून चढली, पेरांवरून सरकली.

तेवढ्यात भागीरथी आत्या बोलली. वैजयंताच्या सासऱ्यांची बहीण ती. नुकतीच गाडीतून उतरली होती, आणि सगुणेकडे बघून तिचे डोळे बारीक झाले होते.

"अगं, हिला तर त्यो रोग हाय! आमच्या गावात समद्यांस्नी ठावं हाय. पोटुशीला हात लावती व्हय गं?"

हाताला हात लागून हे दुखणे जात नाही, हे सांगायला तिथे दोनच बाया होत्या. एक बोलणार नव्हती, दुसरीला बोलवत नव्हते.

सगुणेने वर पाहिले. फक्त वैजयंताकडे. त्या पाहण्यात मागणे नव्हते, धाक नव्हता. एका शब्दात ती वैजयंताला आपल्या शेजारी उभी करू शकली असती. तिने ओठ मिटून घेतले.

आणि वैजयंताने हात ओढून घेतला. अर्धी चढलेली बांगडी घरंगळत रांगोळीत गेली.

"वैजू, बांगड्या भरण्यापरीस जादा वळख हाय का गं तुजी हिची?" सासूबाईंनी विचारले.

"न्हाई," वैजयंता म्हणाली. "मी काय वळखत न्हाई हिला."

आत्याने तांब्या आणला. वैजयंताने ओंजळ पुढे केली. पाणी पडले, आणि तिने हात धुतला. तळवा धुतला, बोटे धुतली, पेरे चोळचोळून धुतली. दवाखान्याच्या बाकावर ज्या उबेने तिला धरून ठेवले होते ती ऊब तिने चार बायकांदेखत धुऊन टाकली. सगुणा ते बघत होती. वैजयंताला मेल्याहून मेल्यासारखे झाले, तरी हात धुवायची ती थांबली नाही.

सगुणा उठली. हिरव्या बांगड्यांचा कागदात बांधलेला जुडगा तिने ओट्याच्या कडेला ठेवला. "पोरीचा दिस हाय. चुडा घरच्या घरी भरा," एवढेच म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

जुडग्याच्या पोकळीत बाटली होती. वैजयंताला ते न बघताही कळले.

आत्याने काठीच्या टोकाने जुडगा उचलला, परसात नेला आणि उकिरड्यावर भिरकावला. कुणी हळद पुढे केली, कुणी गाणे धरले. पाटावर हरितवसना बसली होती, आणि तिच्या पोटात बाळाने पाय मारला. हलकेच, मग जोरात.

वैजयंता उठली. ओटीतले तांदूळ, सुपारी, खारीक भुईवर सांडले. "अगं, ओटी सांडली! कुटं निघालीस?" सासूबाई ओरडल्या. ती परसात गेली, उकिरड्यावर गुडघे टेकले, शेण बाजूला सारले आणि जुडगा छातीशी धरला. मग मागच्या दाराने, बागेच्या बांधाने, आरक्त कळ्यांच्या मधून, धापा टाकत, पोट सावरत ती फाट्याकडे निघाली. मागून बायका आल्याच. असा तमाशा कोण सोडतो?

फाट्यावर लिंबाखाली सगुणा गाडीची वाट बघत होती.

"काकी." वैजयंताने हात पुढे केला. शेणाने भरलेला. "हात भर माजा."

सगुणेने त्या हाताकडे पाहिले. "धुतलास न्हवं मघाशी?" ती म्हणाली. "मग आता कशाला?"

लाज वैजयंताच्या कानशिलांत तापली. हात मात्र तिने मागे घेतला नाही. दुसऱ्या हातातला जुडगा आतली बाटली दिसेल असा उचलून, मान वळवून ती मागच्या बायकांना म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला:

"ह्या गोळ्या माज्या हायत. माज्या लेकरासाटी आणती ती. जे तिला हाय, ते मला बी हाय."

आत्या दोन पावले मागे सरली. सासूबाई पुढे आल्या नाहीत, मागेही गेल्या नाहीत. पदराचे टोक तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

सगुणा खाली बसली. तिने जुडगा सोडला, पदराने एकेक बांगडी पुसली. "माजा हात थरथरतोय, बाय," ती हळूच म्हणाली. "बांगडी वाढंल." बांगडी फुटते असे कासारीण शुभदिवशी कधी म्हणत नाही, आजही तिने म्हटले नाही.

"वाढू दे."

मग त्या मळक्या हातावर, न धुता, हिरवी बांगडी चढली. बोटांवरून, पेरांवरून, सुजऱ्या अंगठ्यावरून. तिच्यामागून दुसरी, तिच्यामागून तिसरी. एकही वाढली नाही.

चुडा भरून झाला की कासारणीला नमस्कार करायची रीत आहे. वैजयंता अवघडून वाकली, धुळीने माखलेल्या त्या पायांवर तिने डोके ठेवले. "ऊठ गं," सगुणा म्हणाली. "गोळीची येळ झाली." वैजयंता उठेना. वर बघायचे होते, बघवत नव्हते. पायांवर टेकलेला तिचा हात हुंदक्यासरशी हलत होता, आणि त्या भरल्या हातातला हिरवा चुडा वाजत होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा, वाजत होता.