महेश्वरी गप्प का बसली?

मित्रांनो, मी एक जुना बाभळीचा बाक आहे. कुंभारीच्या ज्ञानू सुतारानं मला घडवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "शाळेत जाशील बघ." पण माझ्या नशिबी सोलापुरातलं एक पोलीस ठाणं आलं. नवा होतो तेव्हा साहेबांनी थोपटून पाहिलं, "दणकट आहे!" पुढे माझ्यावर फिर्यादी बसले, आरोपी बसले. मला भार सगळ्यांचा सारखाच लागला.

एके दिवशी महेश्वरी येऊन बसली. टॉवेलच्या गोदामात ती घड्या घालायची. गोदाम जळालं आणि मालकानं तिचं नाव घेतलं, कारण तिनं त्याला चारचौघांत उलट उत्तर दिलं होतं.

फौजदारांनी विचारलं तसं तिनं सरळ सांगितलं, "सकाळी गोदामात सिद्धेश्वराच्या फोटोपुढं उदबत्ती लावली सायेब, रोजच लावते. ती इजल्यावरच कामाला लागले."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. गल्लीभर झालं, बाईनं कबूल केलं!

मग कौसर वकीलबाई आल्या. "महेश्वरीताई, आता एक शब्द बोलू नका. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कायदा कुणावरच करत नाही. गप्प राहणं तुमचा हक्क आहे."

तेव्हापासून चौकशीला बोलावलं, की ती मिटल्या ओठांनी बसून राहायची. फौजदार टेबलावर हात आपटायचे. हवालदार म्हणायचा, "कर न्हाय त्याला डर कशाला? बोलली असती की!"

तेही तिनं सोसलं. पण तिचा नवरा धुळाप्पा माझ्याच टोकाला बसून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "लोक तोंडावर थुकायलेत. तू आग लावली न्हाईस, तर गप का?"

तिची बोटं माझ्या कडेवर घट्ट आवळली. त्यानंतर तो आला नाही. लेकीला घेऊन भावाकडे राहायला गेला.

पुढे तपासणीचा अहवाल आला. आग जुन्या वायरीमुळे लागली होती. फौजदार म्हणाले, "जा बाई, सुटलीस."

धुळाप्पा धावत आला. "आदीच नीट सांगायचं न्हाय व्हय?"

"पैल्याच दिवशी सांगितलं होतं की," महेश्वरी म्हणाली. "तवा सायबांनी ऐकलं न्हाय. मग हक्कानं गप बसले, तर तुमीच मला आगलावी ठरवलं. लेकीला घेऊन करकंबला जाते, आईकडं. मागं येऊ नका."

ती गेली. तो माझ्यावर मान खाली घालून बसला.

मित्रांनो, आता माझा पाय मोडलाय. मागच्या अंगणात, जप्त गाड्यांशेजारी पडलोय. मला कुणी दुरुस्त करील अशी आशा नाही. मागणं एवढंच, की गप्प बसलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द कोंबू नका. जळालेलं गोदाम पुन्हा उभं राहिलं. महेश्वरीचा संसार नाही राहिला.